चौदावा निरोप

गिरधरशेठ : हार मागवलेत, मास्तर. नारळही आले. उद्या चारला निरोपाचा कार्यक्रम. राजीनामा तेवढा तुमचाच राहिलाय.

वामन मास्तर : यंदा देणार नाही, शेठजी. आम्ही पाचही जणांनी तसं ठरवलंय. तुम्ही शाळेचे सेक्रेटरी, म्हणून सांगायला आलो.

गिरधरशेठ : असं कसं? दर साल एप्रिलात मास्तर लोक राजीनामा देतात, जूनमध्ये आपण परत घेतो. कोणाला काढलं काय कधी?

वामन मास्तर : काढलं नाही. मे महिन्याचा पगारही दिला नाही. तेरा वर्षं हार घालून घेतला, आभाराचं भाषण केलं, आणि जूनला पुन्हा नवा मास्तर. पगार पहिल्या पायरीचा.

गिरधरशेठ : पैसा आणू कुठून? नागपूरची सरकारी ग्रँट पुरत नाही. कपाशीचा भाव तुम्ही देखताच आहात.

वामन मास्तर : तुमचा मुनीम देतो का एप्रिलात राजीनामा?

गिरधरशेठ : मुनीम मे महिन्यात कामावर येतो, मास्तर.

वामन मास्तर : दर उन्हाळ्यात लीलाला माहेरी इच्छापूरला धाडतो. देवीचं दर्शन म्हणून. तिचा भाऊ आता ‘कधी आलीस’ म्हणत नाही. ‘शाळा कधी उघडते’ विचारतो.

गिरधरशेठ : आधी बोलायचं ना! तुमच्यापुरतं मी खिशातून देतो. बाकीच्यांना मालूम नका होऊ देऊ.

वामन मास्तर : चौघांनी मला पुढं पाठवलंय.

गिरधरशेठ : कुठले चौघे? सुकलाल मास्तर सकाळीच देऊन गेले. वसंतराव काल. बाकी दोघं तर परवाच.

(वामन मास्तर टोपी काढून घाम पुसतात.)

गिरधरशेठ : पाणी मागवू?

वामन मास्तर : मागवा. सुकलाल काही म्हणाले?

गिरधरशेठ : म्हणाले, वामनरावांना राग नका येऊ देऊ. आणि आभाराचं भाषण वामनरावच करतील ना, हे विचारत होते.

वामन मास्तर : वसंताला सांगा. माझं ऐकून ऐकून त्याला पाठ झालंय.

गिरधरशेठ : जिद्द सोडा, मास्तर. राजीनामा नाही, तर जूनची नेमणूकही नाही.

वामन मास्तर : राजीनामाच नाही, तर नेमणूक कशाला? मी नोकरीत आहे. परवा अकराला शाळेत येतो.

गिरधरशेठ : परवापासून सुट्टी. कुलूप असेल.

वामन मास्तर : ओट्यावर बसेन.

गिरधरशेठ : या उन्हात? महिनाभर? लोक काय म्हणतील?

वामन मास्तर : मला नाही, तुम्हाला विचारतील. तुमचा दुकानाचा रस्ता तिथूनच जातो.

गिरधरशेठ : आणि वहिनी? इच्छापूरलाच ना?

वामन मास्तर : नाही, यंदा इथंच. दुपारी डबा घेऊन येईल. तुमच्या मुनिमाच्या घरून दुकानात येतो, तसा.