वऱ्हाड रुसलं त्या सकाळची फेरपरीक्षा

सन्माननीय अध्यक्ष खंडेरावजी पिंगळे, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती मालनबाई पगारे, शिक्षक बंधुभगिनींनो, मळ्यातली कामं टाकून आलेले पालकहो, आणि माझं भाषण कधी संपतं याची सतरंजीवर बसून वाट पाहणाऱ्या बालमित्रांनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना ज्ञानदीप म्हटलं, माउली म्हटलं, एकांनी तर वटवृक्षही म्हटलं. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही. शिवाय मी पर्यवेक्षक होतो. आमच्या जमातीला चुका काढायचा सराव, कौतुकाचा नाही. तेव्हा मी आपला एक घडलेला प्रसंग सांगतो आणि खाली बसतो.

बाई दर मे महिन्यात या शाळेत उन्हाळी वर्ग घेत, हे आपण जाणताच. चौथीत नापास झालेल्या मुलांना सुट्टीत शिकवायचं, शेवटी फेरपरीक्षा घ्यायची, पास होईल तो पाचवीत. योजना सगळ्या शाळांसाठी होती. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिली. मी निवृत्त झालो आहे म्हणून हे बोलू शकतो. इथे मात्र वर्ग भरायचा. इथली मुलं मोगऱ्याच्या मळ्यातली. लग्नसराईत पहाटेपासून कळ्या तोडायला जाणारी. बाई छत्री घेऊन बांधावर उभ्या राहत आणि तोडणी उरकली की पोरं पुढे घालून शाळेत आणत. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, "बाई, तुम्हाला घरी काय काम नाय का?" बाई म्हणाल्या, "आहे. पण ते नापास झालेलं नाही."

तर ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची. गोटीराम यांची धाकटी मुलगी भागी त्या वर्गात होती. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं. थोरली सासरी गेली की कळ्या तोडणारे दोन हात कमी होणार. गोटीरामांनी बाईंना स्वच्छ सांगितलं होतं, "पास झाली तर बघू. नाय झाली तर चौथी लय झाली." गोटीराम इथे बसले आहेत. मी वेडंवाकडं सांगत असेन तर त्यांनी तिथूनच मला थांबवावं.

फेरपरीक्षेच्या सकाळी मी प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट घेऊन आलो, तर फाटकातच ताशा वाजत होता. बाईंचा वर्ग विसरून, मे महिन्यात शाळा रिकामीच असं धरून तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ती जानोशाला, म्हणजे वऱ्हाडाला उतरायला, देऊन टाकली होती. दिंडोरीकडचं वऱ्हाड आदल्या दिवशीच उतरलेलं. चौथीच्या खोलीत नवरदेवाची दाढी चाललेली, फळ्याला फेटे टांगलेले, ओसरीवर चहाचं पातेलं. आणि वऱ्हाड कुणाचं? गोटीरामांच्याच थोरल्या मुलीसाठी आलेलं. नवरीची धाकटी बहीण भागी, हात हळदीचे, अंगात कोरा परकर, पाटी-पेन्सिल सांभाळत सोयऱ्यांच्या घोळक्यात उभी होती. घरून ती पाणी आणायचं सांगून निसटली होती.

बाई म्हणाल्या, "साहेब, पलीकडे चिंचेखाली घेऊ का?"

मी म्हणालो, "परीक्षा शाळेच्या इमारतीत आणि आजच झाली पाहिजे." नियमात चिंच नव्हती.

मग बाई थेट नवऱ्या मुलाच्या आईकडे गेल्या. धोंडाबाई त्यांचं नाव. खुर्चीत ऐसपैस बसून त्या सुपारी कातरत होत्या. बाईंनी मुलं दाखवली, भागी दाखवली, ही नापास झाली तर हिची शाळा सुटणार हेही सांगितलं. एक खोली आणि दोन तास शांतता, एवढंच मागितलं.

धोंडाबाई म्हणाल्या, "खोली घ्या. पण बाई, लग्नाचं वऱ्हाड हे. ते सांगून गप बसत नाय. त्याला एकच रीत हाय."

"कोणती?"

"रुसायचं."

आणि त्या उठल्या, पदर खोचला, आणि ओसरीवरून जाहीर केलं, "आम्ही रुसलो! कोणी वाजवायचं नाय, कोणी बोलायचं नाय!"

मंडळी, वरपक्षाचा रुसवा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण इतका शिस्तीचा रुसवा मी पुन्हा पाहिला नाही. ताशा थांबला. माणसं भिंतीकडे तोंडं करून आडवी झाली. कशासाठी रुसलो हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण मान ठाऊक होता, तेवढा पुरे. नवरदेव अर्ध्या दाढीने बाहेर आला. मी पाकीट फोडलं.

थोड्याच वेळात गोटीराम धावत आले. डोक्याची टोपी हातात, चेहऱ्यावर रक्त नाही. मुहूर्त जवळ येतोय आणि वऱ्हाड मांडवाकडे निघत नाही, मुलीच्या बापाचं काय होत असेल? "इहीणबाई, काय चुकलं? घड्याळ पायजे? सायकल पायजे? तोंडानं सांगा!" धोंडाबाई सुपारी कातरत राहिल्या. गोटीराम खांबाला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. ते पाहून मला वाईट वाटलं. पण पेपर चालू होता.

शेवटचा पेपर गोळा झाल्यावर धोंडाबाईंनी तोंड उघडलं. "घड्याळ नको, सायकल नको. ही धाकटी पाचवीच्या वर्गात बसलेली मला दिसली पायजे. मान्य असंल तर वाजवा."

गोटीरामांनी तेव्हा कुठे खिडकीतून आत बसलेली भागी पाहिली. मांडवभर माणसं खोळंबली होती. "मान्य," ते म्हणाले. लग्न मुहूर्तावर लागलं. मीही जेवलो.

आता निकाल. भागी दोन गुणांनी नापास झाली.

जूनमध्ये गोटीराम शाळेत आले, तेव्हा मी तपासणीला इथेच होतो. म्हणाले, "बाई, दोन मार्क टाका. एक दिवस पाचवीत बसंल, माझा शब्द फिटंल, दुसऱ्या दिवशी मळ्यात घेऊन जाईन." आपल्या मुलीला पास करा म्हणून हात जोडणारे बाप मी पुष्कळ पाहिले, पण शाळा सोडवण्यासाठी हात जोडणारा हा एकच.

बाई म्हणाल्या, "गोटीराम, शब्द तुम्ही विहिणीला दिलाय. मी देते ते पेपरातले गुण. पाचवीत बसायचं तर तिला चौथी पुन्हा करू द्या."

गोटीरामांचा निरुपाय झाला. भागी आणखी एक वर्ष शाळेत आली, पास होऊन पाचवीत बसली आणि धोंडाबाई येऊन बघून गेल्या. शब्द फिटला. त्या संध्याकाळी बाप म्हणाला, "चल आता मळ्यात."

आणि भागी म्हणाली, "नाय."

एवढंच मला सांगायचं होतं. गेल्या जूनमध्ये ती मॅट्रिक झाली, तेही दुसऱ्या खेपेला. बाईंना मी आजवर रडताना पाहिलेलं नाही, आत्ताच पाहतो आहे, म्हणून थांबतो. संयोजकांनी बोलावलं, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. कुणाचं गुपित उघडं पडलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घालावं.