तिसऱ्या मजल्याचे पाणी बंद केल्याबाबत

मी, कामावर मास्तर या नावाने ओळखला जाणारा, वय ५३ वर्षे, धंदा प्रयोगशाळा सहायक, राहणार संस्थेच्या आवारातील खोली क्र. ९, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

तिसऱ्या मजल्यावर मी एकोणीस वर्षे कामाला आहे. शिक्षण आठवी. रसायनाचे काम पुस्तके वाचून स्वतः शिकलो. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, त्यांवर काचेसारखे सिलिकाचे कवच, कवचात चमकणारा रंग, असे कण मी बनवतो. ते चुंबकाकडे ओढले जातात आणि अतिनील दिव्याखाली हिरवे चमकतात. कवच पातळ पडले तर आतले लोखंड रंगाची चमक मारून टाकते. एकेचाळीस घाण्यांपैकी फक्त सव्विसावा जमला. कृती वहीत थेंबाथेंबाने लिहिलेली आहे. तरी पुढचे पंधरा फसले.

आज दुपारी तीन वाजता बाहेरचे तज्ज्ञ त्या सव्विसाव्या घाण्याचा नमुना बघणार आहेत. नमुना नसेल तर प्रयोगशाळा बंद होईल, असे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगितले आहे.

सकाळी १०.२० वाजता इमारतीचे व्यवस्थापक आले. नमुन्याची बाटली बघून म्हणाले, "काय मास्तर, गंजाचं पाणी जपून ठेवलंय?" मी त्यांना कण धुण्याची रीत दाखवायला घेतली. बाटलीला बाहेरून चुंबक लावायचे, कण काचेला धरले की उरलेले पाणी ओतून द्यायचे. जाड कवचाचे कण सावकाश धरतात, वीस मिनिटे थांबावे लागते. हे वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी बोलत होतो. चार मिनिटांतच मी पाणी सिंकमध्ये ओतले. दिवा धरला तेव्हा बाटलीत काळोख होता आणि सिंकची जाळी हिरवी दिसत होती.

मजल्यावरच्या चारही सिंकांचे पाणी एकाच वाकड्या पाइपात उतरते. वाकात थोडे पाणी साचून राहते, कुठलाही नळ सोडला की ते पुढे वाहून जाते. म्हणून १०.३१ वाजता मी मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावले. पाइप उकलण्यासाठी हातात पाना होता. तो कोणावर उगारला नाही. "साहेब, हात जोडतो, एक तास द्या," असे मी व्यवस्थापकांना म्हणालो. पाना धरलेला असल्याने हात जोडता आले नाहीत. त्यांनी पहारेकरी बोलावून मला इथे पाठवले. मॅडमना अजून कळवलेले नाही.

पाइपातले पाणी बादलीत काढल्यास चुंबकाने कण परत मिळू शकतात. तोवर पाणी सोडू नये, ही विनंती.

जबाब वाचून दाखवला जात असताना, १२.१५ वाजता, व्यवस्थापकांचा फोन आला की कुलूप तोडून पाणी सुरू केले आहे. सबब वरील विनंती खोडावी असे मी सांगितले. खोडली आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.