दूध उतू जायचा हिशेब

नाही, पण मला सांगा, माझं चुकलं कुठं? दोनशे तीस भागिले पाच किती? शेहेचाळीस. शेहेचाळीस ओहम, झाला रेझिस्टन्स. दोनशे तीस गुणिले पाच? साडेअकराशे वॉट, झाली पॉवर. नववीचं पोरगं झोपेत सांगेल... आणि तरी मिरजगावात मी चहाला बसलो की शेजारचा माणूस कप घेऊन उठून जातो. मी, कानिफनाथ मास्तर, सायन्सचा! तुम्हाला सांगतो, गणित बरोबर होतं.

झालं काय, आमचे होणारे सासरे रंभाजी... होणारे म्हणजे, अजून व्हायचेच आहेत, ते येईल पुढं... त्यांनी मळ्यात नवं घर बांधलं. हेच एकाहत्तर साल, गावात वीज येऊन अजून वर्ष नाही झालेलं, आणि हे घर लायनीच्या पार शेवटच्या खांबावर. वास्तुशांत ठरली. आता नव्या घरात दूध उतू घालायचं ही आपली रीत, मग घाला की चुलीवर! तर नाही. त्यांचे भाऊबंद पुंजाराम पारावर बोलून गेले, "इजंच्या तारंत कुटं इस्तू असतोय व्हय?" झालं. रंभाजी तडक नगरला गेले आणि विजेची शेगडी घेऊन आले. उघडी. मातीची तबकडी, तिच्या खाचेत तारेचं वेटोळं, आणि वर पातेलं. म्हणाले, "दूध हिच्यावरच उतू जाईल. आन् गेलं की तिथंच भागिरथीची सुपारी फोडू." भागिरथी त्यांची मुलगी, आणि सुपारी माझ्याशी. म्हणजे बघा, माझा संसार कशावर टांगलेला? शेहेचाळीस ओहमवर.

मांडवात सगळ्यांदेखत मला विचारलं, "मास्तर, कितीक येळ लागंल?" मी शेगडीवरची पट्टी वाचली, दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपियर. तिकडं दाराआडून भागिरथी बघत होती हो... मग माणूस बोलतोच ना? "पाव तासात उतू," म्हणालो.

पाव तास गेला. दूध गप्प. अर्धा तास गेला. भामाबाई, म्हणजे सासूबाई, पातेल्यात बोट बुडवून म्हणाल्या, "लेकराला पाजाया बरं हाय." पंगत बसलेली, पत्रावळी मांडलेल्या, आणि दूध उतू गेल्याशिवाय भात वाढायचा नाही. पुंजाराम मुद्दाम मोठ्यानं जांभया देतायत...

मी वायरमनकडून उसना आणलेला मीटर लावला. एकशे पंधरा. निम्मं! लायनीवरच्या सगळ्या विहिरींच्या मोटारी चालू, शेवटच्या खांबाला उरणार काय? मी धीर दिला, "व्होल्टेज निम्मं, वेळ दुप्पट." बोललो आणि मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. कारण तार तीच, शेहेचाळीस ओहमची. व्होल्टेज निम्मं म्हणजे करंटही निम्मा, अडीच. निम्म्याला निम्म्यानं गुणा... पाव! तीनशे वॉटसुद्धा नाहीत. आणि पातेलं केवढं? सगळ्या भावकीला पुरेल असं, पसरट. खालून जेवढी ऊब, तेवढी वरून वाऱ्यावर. हे दूध आज नाही, उद्या नाही, कधीच उतू जाणार नव्हतं. आणि वास्तुशांतीला नव्या घरात असं अभद्र बोलायचं कुणी? जावयानं? गणित बरोबर होतं हो, पण सांगता कुणाला?

मग उपाय एकच, मोटारी बंद. मालक सगळे समोर पंगतीत. एकेकाला हात जोडले. गहिनीनाथ म्हणतो, "माज्या एकट्याच्या मोटारीनं काय हुतंय? आदी छगनला सांगा." छगन म्हणतो, "गव्हाचं पाणी तोडू व्हय मास्तर? लई वाट बघून पाळी आलीय, पुंजारामाला सांगा." आणि पुंजाराम? मिशीला पीळ भरत, "रंभाजीनं सवता यून म्हनावं, दादा, तुजी मोटार बंद कर. करतो की." रंभाजी हे म्हणतील? त्यापेक्षा ते नवं घर पाडतील.

शेवटी मीच पळालो. नवा पायजमा, सुपारीसाठी घेतलेली टोपी, वाफ्यांतून घोट्याएवढा चिखल, मागं कुणाचं तरी कुत्रं... या विहिरीवर बटण दाब, त्या विहिरीवर दाब. पुंजारामाची मोटार शेवटची. ती बंद केली आणि लांबून बघतो तर मांडवातला दिवा भर दुपारी लखलखला. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट! पळत परत आलो. दूध चढत होतं...

आणि गेलं हो, उतू गेलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, पुंजारामसुद्धा हात जोडून उभे. पण उतू गेलं म्हणजे गेलं कुठं? खाली. उघड्या, लाल तारेवर. सगळं मोजलं मी, पण उतू गेलेलं दूध पडतं कुठं, हे मोजलंच नाही. आणि घरच्या फ्यूजला रंभाजींनी, पुन्हा पुन्हा जातो म्हणून, कुंपणाची तार घातलेली, ती वितळतेय कुठली! शेगडीची तबकडी तडकली, दिवा गेला, आणि तिकडं गावाजवळ ट्रान्सफॉर्मर असा वाजला की छगन पत्रावळ घेऊन पळाला.

रंभाजी शांतपणे म्हणाले, "दूध उतू गेलं, म्या शबुद मोडायचो न्हाई. पन अंधाऱ्या घरात सुपारी न्हाई. लाईट येऊ द्या, त्याच घडीला फोडू."

हे झालं माघात. आता चैत्र लागला. गव्हाला शेवटचं पाणी मिळालं नाही, म्हणून माणसं चहा घेऊन उठून जातात. वायरमन म्हणतो, "ट्रान्सफॉर्मर वरून यायचा हाय मास्तर, येईल." कधी? "येईल." काल भागिरथी विहिरीवर दिसली. मान खाली घालून म्हणाली, "तुमीच काडा की हिशेब, कवा येईल त्याचा."

बसलो काढायला. व्होल्टेज शून्य, करंट शून्य. शून्य भागिले शून्य... तुम्हाला सांगतो, गणित इथंसुद्धा बरोबर आहे. उत्तर काहीही येऊ शकतं.