वरळीचा पाव मैल

हॅलो?… हॅलो… कोण? जरा मोठ्यानं बोला, इथं हाटेलात कपबशा आदळतायत… हां, मीच, गुणाजी. लालबाग… कोण, नलूताय? अगं तू होय! मला वाटलं कुठली मास्तरीण बोलतेय. बोल.

… नाय गो, दम नाय लागला. गॅरेजातनं इराण्यापर्यंत चालत आलो, तेवढंच. पोरगं सांगत आलं, गिरगावातनं फोन हाय, अर्जंट. अर्धा पिस्टन हातात घेऊनच आलो.

… हो, गेलो होतो. आज पहाटेच. मी नि धोंडू. साडेपाचला वरळीच्या समुद्रावर… हो, गाडी नीट हाय. ओरखडा नाय. अगं, नऊ वर्षं अप्पासाहेबांकडे मीच चालवली ना ती? तुला शाळेत सोडायचो तेव्हा तू मागं बसून हॉर्न वाजव, हॉर्न वाजव करायचीस.

… सांगतो. आकडाच सांगतो. पण आधी… अगं ऐक ना. ते दोन कार्बोरेटर सांगितलेस ना तू त्या ऑपेरा हाऊसच्या माणसाला? त्याला म्हणावं, थांब.

… थांब म्हणजे थांब. आणू नको.

… का म्हणजे? बसलीस का तू? उभी असशील तर बस.

… नाय, मला काय झालं नाय. थकलोय, बास. चारला उठलो, तोंडात घास नाय अजून… हो खाईन, इथं ब्रूनमस्का सांगितलाय. तू ऐक.

मागल्या रविवारी मी तुला काय सांगितलं होतं?… बरोबर. उभी गाडी सोडली तर पाव मैल पंचवीस सेकंदांत. नि तुझ्या त्या विलायती मासिकातनं उतरवलेलं गणित धोंडूनं केलं, गाडीचं वजन, सेकंद, सगळं घालून, तर इंजिनाचे घोडे निघाले तीस… हो. नि मी म्हटलं, नवी असताना कागदावर सदतीस होते, एवढ्या जुन्या इंजिनात तीस म्हणजे ठणठणीत. इंजिनाचं हेड घासून आतला दाब वाढवू, कार्बोरेटर चढवू, बावीस-तेवीस सेकंदांवर आणतो… हो, मीच म्हटलं. नाय म्हणतोय कुठं मी?

ती पंचवीस खोटी, नलूताय.



… नाय, घड्याळ नाय बिघडलं. घड्याळ गिरणीतलं हाय. त्याच घड्याळानं धोंडू लूमवाल्यांच्या हाताचा वेग मोजतो, लोक त्याला शिव्या घालतात, पण घड्याळ बरोबर. मीच चुकलो. म्हणजे आम्ही दोघं. रस्ता एका बाजूनं मोजला. दोन्ही बाजूंनी मोजायचा असतो, जाताना नि येताना, नि मग मधला धरायचा. हे मला ठाऊक नाय काय? वीस वर्षं गाड्यांत काढली मी.

… अगं, प्रभातफेरी आली ना! समितीची. जाताना आम्ही गेलो झकास, धोंडू ओरडला पंचवीस! गाडी वळवली, चुन्याच्या रेघेवर उभी केली, नि समोरनं बीडीडी चाळीतले शे-दोनशे लोक. झेंडे, टाळ, बायका पुढं. आता त्यांच्या अंगावर घालायची काय गाडी? म्हटलं जाऊ दे त्यांना. तर धोंडूनं गळ्यात घड्याळ तसंच ठेवून उडी मारली नि घुसला आत. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे. मग मी एकटा स्टिअरिंगला धरून काय करू? मी पण उतरलो.

… हसतेस काय! हस. तासभर ओरडलो. घसा बसला. फेरी गेली तोवर दुधाच्या गाड्या, बसगाड्या, सगळं सुरू. परतीची फेरी राहिली. धोंडू म्हणाला, जाऊ दे रे गुणाजी, एक काय नि दोन काय, रस्ता तोच. मी पण म्हटलं, तोच. आनंदात होतो ना दोघं.

नि वारा होता पाठीला. गाडीला वारा ढकलत होता, घोडे नव्हते ते.

… ते आठवडाभर डोक्यात होतं. रात्री कूस बदलली की तेच. म्हणून आज परत गेलो. आज नीट मोजलं. तिकडं जाताना साडेपंचवीस. इकडं येताना… थांब जरा. शेठ, दोन मिनिट! अरे हो, माहीत हाय लोकांना फोन करायचाय, पोरीचा जीव टांगणीला लागलाय इथं… हां, नलूताय. येताना साडेतीस.

… साडे-तीस. तीस नि अर्धा… हो, बरोबर केलंस तू. मधला अठ्ठावीस. घोडे बावीस.

… अगं ते मला पण कळतं. शर्यतवाल्या क्लबाची अट सव्वीस सेकंदांच्या आत. सव्वीसच्या आत आली तर जुहूला उभं राहू देणार, नायतर दोरीच्या बाहेर. कळतं मला.

… ऐक… हो, हो… ऐक ना गो! तू म्हणशील, म्हणूनच तर हेड घासायचं, म्हणूनच तर कार्बोरेटर. ते नाय जमणार आता. मी सकाळी प्लग काढले, भोकावर अंगठा धरला, धोंडूला हँडल मारायला लावलं. तीन भोकांनी अंगठा उडवला. चौथ्यानं नुसता सुस्कारा टाकला. असल्या इंजिनाचं हेड घासून दाब वाढवलास ना, तर जुहूच्या धावपट्टीवर पिस्टनचा दांडा इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येईल. तू असशील साठाच्या स्पीडला. मग काय करू मी?

… नवं इंजिन? शर्यत कधी हाय?… मग? दहा दिवसांत काय मी खिशातनं काढू इंजिन?

… नाय.

… नाय म्हटलं ना. चढवणार नाय. तू दुसऱ्या गॅरेजात नेलीस तर मी तिथं येऊन बोंब मारीन.

… मला ठाऊक हाय गो. वर्षभर तू त्या शर्यतीच्या फॉर्मासाठी काय काय केलंस ते ठाऊक हाय. शर्यतीत तू एकटी मुलगी. नि महिनाअखेर गाडी विकली जाणार, अप्पासाहेबांची नजर गेली, ठेवून करणार काय. परत अशी संधी नाय. सगळं ठाऊक हाय. मला बरं वाटतंय काय हे सांगताना?

… काय? परत बोल.

… अप्पासाहेबांना सांगू नको?… नाय बाय, ते होणार नाय. त्यांनी त्या फॉर्मावर बाप म्हणून सही कशी केली? तूच सांगितलंस मला. म्हणाले, गुणाजी म्हणतो ना इंजिन पेलेल, मग मी सही करतो. कोर्टात आयुष्य गेलं त्या माणसाचं, सख्ख्या भावाच्या शब्दावर सही करत नाय, नि माझ्या शब्दावर केली. दे त्यांना फोन.

… रडू नको. रडतेस?… नाय ना, मग आवाज असा का? बरं. दे त्यांना. दे म्हणतो ना.

…

शेठ, चहा दे एक. पाणी कम… हां, ब्रून राहू दे, नंतर.

… नमस्कार अप्पासाहेब. गुणाजी… हो, बरा हाय. तुमचे डोळे?… अस्सं… हां… डॉक्टर म्हणतात ते करा मग, ड्रॉप्स घाला वेळेवर.

अप्पासाहेब, माझ्याकडनं चूक झाली. तुम्हाला मी जो आकडा कळवला ना, तो चुकीचा. गाडी पंचवीसात जात नाय. अठ्ठावीस. नि चौथा सिलेंडर मेलाय. हेड घासणं धोक्याचं. तुमची सही माझ्या खोट्या आकड्यावर झाली, तेवढं सांगायला… हां.

… हो.

… वाऱ्यामुळं. एकाच बाजूनं मोजलं… प्रभातफेरी होती… हो, मी पण गेलो फेरीत. आता काय लपवू.

… घड्याळ धोंडूकडं. गिरणीत टायमकीपर हाय तो… गाडीतच, माझ्या बाजूला… हो, आजसुद्धा बाजूला… वजन? काट्यावर घातली होती, शिवडीच्या कोळशाच्या वखारीत, दोघांसकट… लिहिलंय ना, आहे कागद.

… उलटतपासणी चालू केलीत काय अप्पासाहेब! विचारा. विचारा.

… चालवत कोण होतं म्हणजे? मी.

… आज पण मीच. दुसरं कोण?

… पाय?… डावा हो. गुडघा. गेल्या साली मोर्चात लाठी बसली ती… नाय, बरा झाला, चालतो मी. जिन्यावर धरतो जरा… क्लच? क्लच दाबतो ना. दाबतो म्हणजे… जोर लागतो. सोडताना सावकाश सोडावा लागतो, नायतर कळ जाते कमरेपर्यंत.

… तीनदा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. तीनदा गिअर बदलावा लागतो.

… किती जातो वेळ? तो काय… अर्धा… नाय, खरं सांगायचं तर एकेक सेकंद जास्तच जात असेल प्रत्येक वेळी. मी मोजलं नाय ते.

… अरे देवा.

… नाय, हसत नाय. अप्पासाहेब, मी बसलो इथं शेठच्या स्टुलावर. मी दोनशे पौंड, धोंडू दीडशे, माझा हा पाय, नि शर्यत धावणार नलूताय. मी माझंच मोजत बसलो आठवडाभर.

… सुचलं नाय. खरंच सुचलं नाय. पहाटे साडेपाचला वरळीच्या समुद्रावर मुलीला बोलवायचं, हे डोक्यातच आलं नाय ना कुणाच्या. ना माझ्या, ना धोंडूच्या. तिनं पण नाय विचारलं. ती घरी फोनजवळ बसून राहिली नि आम्ही दोन बाप्ये…

… ती? चांगली चालवते. मीच शिकवलंय. गिअर बदलते तर कळत नाय बदलला ते, लोण्यासारखा जातो. माझ्यापेक्षा बरी चालवते, पण तिला सांगू नका.

… ऐकतेय? बाजूलाच? बरं, मग ऐकलं असेल.

… नाय अप्पासाहेब, तेवढं नाय. सिलेंडर मेला तो मेला. हेड घासायचं नाय, कार्बोरेटर नाय, शब्द द्या मला. आहे तशी गाडी. प्लग साफ करतो, मागली सीट काढतो, स्टेपनी काढतो, चाकांत हवा भरतो. तेवढंच.

… सव्वीस? सांगता येत नाय. येईल पण, नाय पण येणार. मी आता आकडा बोलणार नाय. दोन्ही बाजूंनी तिनं चालवल्याशिवाय माझ्या तोंडातनं आकडा निघणार नाय.

… उद्या पहाटे? चालेल. मी पाचला गाडी घेऊन दारात. धोंडू रेघेवर उभा राहील घड्याळ घेऊन, गाडीत नाय बसणार. मी दुसऱ्या रेघेवर, रुमाल घेऊन.

… तुम्ही पण येणार? या ना. डोळ्यांना पहाटेचा गारवा बरा.

… हां?… कुठं बसणार?

… नाय.

… अप्पासाहेब, तुमचं वजन किती?… एकशे ऐंशी. मग नाय बसायचं. बाजूला नाय, मागं पण नाय. मागं तर सीटच नसणार.

… नाय, मी पण नाय बसणार. कुणीच नाय.

… मला कळतं हो. मला काय पोरी नायत? पण शर्यतीत कोण बसणार आहे तिच्या बाजूला? तिथं पण एकटीच ना?

… रस्ता मोकळा असतो त्या वेळेला. समुद्र एका बाजूला, घरं एका बाजूला. पाव मैल. तुम्हाला इंजिनाचा आवाज ऐकू येईल शेवटपर्यंत, कुठला गिअर ते पण कळेल.

… तिला विचारताय? विचारा ना.

… शेठ ओरडतोय, ओरडू दे त्याला.

… हां.

… हां, एकटी.

… बरं. मग तिला सांगा, साडी नको, पायात अडकते. भावाची पँट घाल म्हणावं. नि आज लवकर झोप. येतो पाचला. ठेवतो.