पोट मात्र उतरलं!

…नाही, आधी माझं ऐका, मग खुशाल म्हणा, 'काय बारीक झालात हो!' जो भेटतो तो हेच म्हणतो! परवा पेट्रोलपंपावरचा पोरगासुद्धा म्हणाला… पण कशापायी झालो बारीक, ते विचारलंय का कोणी?

तुम्हाला सांगतो, मी गाडी शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. गाडी एवढीशी, एकाला शिंक आली तर रुमाल दुसऱ्यानं काढायचा! बायको जाऊन सात वर्षं झाली, घरी मी आणि एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. अशात शिकायला आल्या लायब्ररीतल्या बाई. माझ्याच वयाच्या, एकट्या, आणि गाडी मागे घेताना खांबाला धक्का लागला की काच खाली करून खांबाला म्हणायच्या, 'सॉरी हं!' आता अशा बाईवर जीव जडायचा नाही तर कोणावर जडायचा?

त्यांना लायसन्स हवं होतं पुस्तकांच्या फिरत्या व्हॅनसाठी. लांबच्या गावी नेमणूक झाली होती, लायसन्स हातात पडलं की रुजू व्हायचं. पाच वेळा परीक्षा दिली, पाचही वेळा नापास! मी वरवर हळहळायचो, 'अरेरे, पुन्हा खांब?' आणि मनातून खूश! मग मैदानाच्या कडेच्या बाकावर त्या थर्मासमधला चहा ओतायच्या, एक बिस्किट मधोमध मोडायच्या, आणि कितीही मधोमध मोडलं तरी मोठा तुकडा माझ्याकडे यायचा.

म्हटलं, आता विचारायचंच. पण खाली बघावं तर स्वतःचे बूट दिसेनात, मधे पोट! मेहुण्याकडे बोललो, तर तो उसळलाच, "दाजी, पाव बंद! भात बंद! बटाटा, साखर, फळं… हो हो, फळंसुद्धा बंद! अंडी हाणा, चिकन हाणा, वर पावडर प्या, दोन महिन्यांत ओळखू येणार नाही तुम्ही!" हा कोण, तर विम्याचा एजंट! आणि मी त्याचं ऐकलं! पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो गेले, मी आरशासमोर या अंगानं, त्या अंगानं, नाचायचा तेवढा राहिलो! त्यातलं बरंचसं नुसतं पाणी होतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

मग लागली दुखण्यांची रांग! डोकं ठणकायला लागलं. सकाळी आत बसून पेपर अख्खा वाचून व्हायचा, छोट्या जाहिरातींसकट, बाकी काही म्हणजे काही व्हायचं नाही! पण पोट मात्र उतरलं हं! आणि तोंडाला वास… तीनतीनदा दात घासा, लवंगा चघळा, वास हलेना! नेलपॉलिश पुसायचं ते असतं ना, तसला! आणि त्या एवढ्याशा गाडीत! बाई काच खाली करायच्या. मी म्हणायचो, "गारठा लागेल." त्या म्हणायच्या, "नको, वारा बरा वाटतो." कडाक्याच्या थंडीत हो! पण पोट? उतरलं!

आणि चिडचिड! मी मुळात भांडणारा माणूस नाही, पण तेव्हा हॉर्न वाजला तरी अंगावर धावून जायचो. एक दिवस बाईंनी बिस्किट मोडलं, मोठा तुकडा पुढे केला, आणि मी काय म्हणालो असेन? "बाई, विष आहे हे! नुसता मैदा आणि साखर! तुम्हीही बंद करा, वय बघा आपलं!" वय बघा! बाईंना! त्यांनी तो तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडी खांबाला घासली, तर मी ओरडलो, "सहा महिने शिकवतोय, डोकं कुठे असतं तुमचं?" त्या दिवशी त्यांनी खांबाला सॉरी म्हटलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं… पण नाही कळलं, मी घरी जाऊन वजन केलं. पोट मात्र उतरलं होतं!

सहाव्या परीक्षेच्या सकाळी कमरेतून अशी कळ आली की मी थेट हॉस्पिटलात. मुतखडा! डॉक्टर म्हणाले, "दिवसाला आठ अंडी? आणि पाणी किती पिता?" आता गाडी शिकवणारा कशाला पाणी पितोय, दिवसभर रस्त्यावर, जायचं कुठे? "युरिक ॲसिड वाढलंय, कोलेस्टेरॉल वाढलंय… काय वाढलं नाही ते सांगा!" म्हटलं, "पोट!" त्यांना हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. "सर, पास झाले." खिडकीतून व्हॅन दाखवली, दोन गाड्यांच्या मधे उलटी, एका दमात लावलेली. "आजच निघतेय." मग माझ्या अगदी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, पहिल्या दोन वेळा मी खरंच नापास झाले होते."

पहिल्या दोन वेळा? मग पुढच्या तीन? अहो, तीन वेळा ती बाई परीक्षेत मुद्दाम खांबावर गेली, माझ्यासाठी! पोटासकट जसा होतो, त्या माझ्यासाठी!

'जाऊ नका.' दोनच शब्द म्हणायचे होते. ओठापर्यंत आले… आणि वास आठवला! मी चादर नाकापर्यंत ओढली आणि नुसती मान हलवली. त्यांनी काय समजायचं? त्या खुर्चीवरची पर्स उचलत म्हणाल्या, "बरं. काळजी घ्या, सर." आणि गेल्या.

मी सलाईनच्या दांडीसकट खिडकीशी गेलो. त्यांनी आरशात पाहिलं, सिग्नल दिला, व्हॅन अलगद काढली. आम्हा शिकवणाऱ्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो हो, शिकणाऱ्याची गाडी थांबवायला. व्हॅन फाटकाबाहेर पडली आणि माझा पाय आपसूक दाबला गेला, अनवाणी, थंड फरशीवर, होता नव्हता तेवढा जोर लावून… नर्स धावत आली, "काका, फार दुखतंय का?"

म्हटलं, "नाही हो… शिकवलं फार चांगलं मी!"