नऊ पोरी नापास

...आन वरून लोकं मलेच म्हन्ते, टिकाराम सर, पोराचं लगन तुमीच अडवून ठेवलं! मी? मी काय केलो जी? तुमाले सांगतो, एकतीस वर्सं हायस्कूलात इंग्रजी शिकवलो मी. कोंढ्याच्या आजूबाजूले ज्याले ज्याले 'सी', 'लुक' आन 'वॉच' यातला फरक समजते, त्याले तो माह्या छडीनं समजला आहे. आता असा मानूस पोरासाठी पोरगी पाह्यले गेला तं काय पुसन? सैपाक येते काय? शिवनकाम येते काय? हे तं कोनीबी पुसते. मी फक्त दोन शब्द पुसत होतो. सारखे दिसनारे दोन शब्द, त्यातला फरक सांग, आन वाक्यात वापर. बस. सून घरात आनायची आहे, फरक तं समजला पाह्यजे ना बापा.

माहा पोरगा प्रफुल्ल, जवाहरनगरले फॅक्टरीत पर्मनंट. क्वार्टर भेटलेलं, पन राहे आमच्याजवळच. आजकाल खेड्यातल्या पोट्ट्यायले पोरी भेटत नाही, आन इथं यादोराव, आमचा सोयरीक जुळवनारा, त्याच्या मोबाईलमंदी बायोडाट्यायची रांग लागलेली! मंग मी म्हनलो, रांग आहे तं परीक्षा घेऊ. रिटायर होताना शाळेतून एक कोरं हजेरीबुक आनलो होतो, ते कामात आलं. पोरी पाह्यले निंगलो की हजेरीबुक काखेत. चंद्रकला, म्हंजे माही बायको, म्हने, "अवो, पोरी पाह्यले चालले का तपासनीले?" मी म्हनलो, तू पोह्यावर ध्यान दे.

पयली रिता, पवनीची, एमएस्सी. मान खाली घालून बसलेली. पुसलो, 'हिअर' आन 'लिसन', सांग फरक. म्हने, "सर, दोन्ही म्हंजे ऐकनं." झालं! मी म्हनलो, बाई, हे आमची चंद्रकला बत्तीस वर्सं झाले माह्यं 'हिअर' करून राहिली, 'लिसन' एक दिवस नाही केली, आता समजला फरक? तिचा बाप हातात पोह्याची प्लेट धरून उभा. म्हने, "पोरगी घाबरली जी, सर." मी म्हनलो, घाबरनं अलग, न येनं अलग, यातलाही फरक समजून घ्या. आन त्याच्याच पुढं लिहिलो... रिता, शून्य.

मंग रेणू. 'शेड' आन 'शॅडो'. झाडाची असते ते शेड, आपली असते ते शॅडो, बरोबर सांगतलं पोरीनं. पन वाक्य बनवताना 'द' खाल्ला. आता 'द' खाल्ला तं अर्धा मार्क कटनार नाही काय? तिचा मामा उठला, "आमी पोरगी देऊन राहिलो का पेपर?" मी पुसलो, तुमी कितवी शिकले? बसला खाली. ओ मागं बसून ऐकनारे, हासू नका जी, तुमाले पुसू काय 'द' कुठं लागते ते?

अशा आठ झाल्या. प्रफुल्ल काही म्हनत नव्हता. तो लहानपनापासून माह्यापुढं काही म्हनत नाही, संस्कार आहे. नववी तृप्ती. तिचं गाव गोसीखुर्दच्या धरनात गेलेलं. पुनर्वसनाच्या वस्तीत राहे, आजीजवळ. मी इचार केलो, हिले सोपं पुसू, आपल्यालेही दयामाया आहे. 'हाऊस' आन 'होम'.

पोरगी म्हने, "सर, हाऊस पुनर्वसनात भेटलं. होम पान्याखाली आहे."

तिची आजी, गोदावरीबाई, पदर डोळ्याले लावून. यादोराव छताकडं पाहे. मी म्हनलो, भावना बरोबर आहे, पन हे मराठी झालं. इंग्रजीत सांग. तं पोरगी रडाले लागली! आता रडल्यावर मार्क द्यायची काही पद्धत आहे काय? मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलो... रडते. प्रफुल्ल उठला, आपला पान्याचा गिलास तिच्यापुढं नेऊन ठेवला. मले वाटलं, पोट्ट्याले तहान नसन.

त्याच्यानंतर रांग तुटली ना जी! यादोराव सांगे, पोरी पयले पुसते, कोन्या घरचं स्थळ? कोंढ्याचं? त्या मास्तरचं? मंग नाही! एक साल गेलं, दोन गेले, तीन गेले. प्रफुल्लच्या डोक्यावरचे केस गेले. रिताचं लेकरू मले रस्त्यात दिसलं, चालाले लागलं होतं. चंद्रकला एक दिवस म्हने, "तुमी नऊ पोरी नापास केल्या, पन एका वर्गात तीन तीन साल बसून राहिला तो आपलाच पोरगा." मी हिअर केलो. फरक तं समजला पाह्यजे ना बापा, मी काय बदलाचं?

आन मंग एक दिवस यादोराव आला. म्हने, तृप्ती आता नर्स झाली, लगनाले तयार आहे. पन एक अट आहे. पोरगी म्हन्ते, पोरगा पाह्यले मी येईन!

आली. गोदावरीबाईले आन यादोरावले घेऊन आली. प्रफुल्लले समोर बसवलं. पोह्याच्या प्लेटी कोनी फिरवल्या? मी! बसाले जागाच नव्हती मले. पोरगी म्हने, "सर, ते हजेरीबुक द्या जी." देलो. काय करतो? तिनं उघडलं आन सगळ्यायपुढं वाचलं. रिता, शून्य. रेणू, अर्धा. असे नऊचे नऊ. शेवटी, तृप्ती, रडते. मंग खाली एक रेघ मारली आन नाव लिहिलं... प्रफुल्ल. म्हने, "अलोन आन लोनली. फरक सांगा. वाक्यात वापरून. मराठीत चालन."

चौतीस वर्साचा पोरगा, माह्यापुढं एक पुरं वाक्य कधी बोलला नाही. त्यानं खालीच पाहून सांगतलं,

"अलोन म्हंजे घरी कोनीच नसते. लोनली म्हंजे घरी बाबा असते."

चंद्रकला हासली. तुमाले सांगतो, छत्तीस वर्सात मी तिले असं हासताना पाहिलो नव्हतो, पोट धरून, डोळ्यातून पानी येवोस्तर. तृप्तीनं लिहिलं, पूर्न मार्क.

लगन झालं. दोघं जवाहरनगरच्या क्वार्टरमंदी राहून राहिले. चंद्रकला आठ दिवसांसाठी गेली होती, सुनेले हातभार लावाले. त्याले आता चार महिने झाले. फोन करतो तं म्हन्ते, "ऐकू येऊन राहिलं, बोला." हजेरीबुक सुनेजवळच आहे, मी मागूनही तिनं देलं नाही. भाताचा कुकर मीच लावतो, तीन शिट्ट्या.

काल यादोराव आला. अंगनात उभा राहून पुसलं, "काय सर, एकटेच?" मी म्हनलो, हो जी. अलोन.

म्हने, "अलोन? का दुसरं? वाक्यात वापरून सांगा ना, सर."

एकतीस वर्सं इंग्रजी शिकवलो जी मी. पन वाक्य नाही झालं.