पालीच्या मोटारीची पेटी का विसरली

सभाजनहो,

आज मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: आपल्या पाली गावची पाण्याची मोटार सुनंदाच्या पेटीने जाळली नाही. शोकसभेत युक्तिवाद शोभत नाही, हे मी जाणतो. उभी हयात तर्कशास्त्र शिकवूनही पहिले वाक्य उच्चारणे आज जड गेले. माझी ही विद्यार्थिनी आठ दिवसांपूर्वी काविळीने गेली. पण नावावरचा डाग तसाच ठेवून वाहिलेली फुले तिला कशी पोहोचतील?

तिने बनवलेली ती पेटी विहिरीवरची मोटार चालवी. मोटार किती मिनिटे चालवायची, ते पेटीतला टायमर मोजी. वीज गेली, तर जाता जाता उरलेली मिनिटे कायमच्या मेमरीत, फ्लॅशमध्ये, लिहून ठेवी. वीज आली की तिथूनच पुढे. पाणी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी म्हणालो, "नोंद दर मिनिटाला हवी. पुराव्याशिवाय मी काही मानत नाही."

ती हसली. "सर, फ्लॅश म्हंजी पाटी न्हाई, वही हाय. एकच जागा किती बार खोडायची? झिजंल की. तुमी म्हणताव तर करते, पण तसं लिहून द्या."

मी लिहून दिले नाही. तिने तरीही माझा आदेश पाळला.

तीन महिन्यांत पेटी विसरली. वीज आली आणि तिने पहिल्यापासून मोजायला घेतले. विहिरीचा तळ लागला. मोटार कोरडी फिरून जळली. गावच्या सभेत तुमच्यातलेच कोणी म्हणाले, "चार वायरा जोडल्या अन् म्हणं इंजिनेर!" सभा हसली. सुनंदाने एकदाच माझ्याकडे पाहिले. मी इतिवृत्तात लिहिले: पेटी सदोष.

हसणाऱ्यांनो, आज मान खाली घालू नका. वर बघा. ऐका.

तिच्या भावाच्या शेतावर तिचीच दुसरी पेटी आहे. तीच बनावट, तेच लोडशेडिंग. ती आजही चुकत नाही. भेद एकच: तिथे दर मिनिटाला लिहिण्याचा माझा आदेश नव्हता. गावची पेटी मी तपासून घेतली. सगळी मेमरी शाबूत आहे; मिनिटे लिहिण्याची तेवढी जागा मेली आहे.

प्रतिवाद असेल त्याने उभे राहावे.

कोणीच नाही? मग आता सगळेच उभे राहा. भावाने शेतावरची पेटी आणली आहे, ती या टेबलावर आहे. स्तब्धतेची दोन मिनिटे तीच मोजील. त्याआधी, सुनंदा, तू लेखी मागितले होतेस. इतिवृत्ताच्या त्याच पानावर, त्याच ओळीखाली आज लिहिले आहे. वाचतो:

"पेटी निर्दोष होती. दर मिनिटाच्या नोंदीचा आदेश माझा. तिने बजावले होते. चूक माझी.

सही,
विनायक गणपत, अध्यक्ष, पाणी समिती."